कातळाचं वय सांगणारा वायू

राळेगणसिद्धीत विहीर खणायला घेतली की आधी माती लागते, मग मुरूम आणि मग काळा कातळ. १९७५ नंतर अण्णा हजारे आणि गावकऱ्यांनी नालाबांध घातले, पाझर तलाव बांधले आणि पावसाचं पाणी जिरवलं, ते याच मुरमात आणि कातळाच्या भेगांत. हा कातळ पाणी कसं धरतो, हे गावाला पुरतं ठाऊक आहे. पण त्याचं वय किती? सुमारे ६.६ कोटी वर्षं! आणि हे सांगितलं कुणी? दगडातल्याच अणूंनी.

कातळाचा एक तुकडा हातात घ्या. जड, गच्च, कुठे फट नाही. आता त्यातल्या पोटॅशियमच्या एका अणूत शिरू. मधोमध अणुकेंद्र, भोवती इलेक्ट्रॉन. केंद्र जोंधळ्याच्या दाण्याएवढं धरलं, तर अणू केवढा पसरेल? दहा एकरांच्या रानाएवढा! मध्यावर एक दाणा आणि बाकी साऱ्या रानात नुसता इलेक्ट्रॉनांचा वावर. तरी अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या दाण्यातच. सोन्याच्या वर्खावर सोडलेल्या कणांपैकी मोजके काही चक्क माघारी फिरले, त्यावरून अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये हे ताडलं.

केंद्रात असतात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. मूलद्रव्य कोणतं, हे ठरतं प्रोटॉनांवर. १८ असले तर आर्गॉन वायू, १९ असले तर पोटॅशियम, २० असले तर कॅल्शियम. फरक एकेका प्रोटॉनचा, पण त्यानं वायूचा धातू होतो! न्यूट्रॉन मात्र थोडे कमीजास्त चालतात. पोटॅशियमच्या बहुतेक अणूंत ते २० असतात. साधारण साडेआठ हजारांत एखादा अणू असा निघतो, की त्यात २१ असतात. १९ आणि २१ मिळून हा पोटॅशियम-४०, आणि याला स्वस्थता नाही.

त्याच्यापुढे दोन वाटा असतात. बहुतेकदा एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन वेगानं बाहेर फेकला जातो आणि कॅल्शियम तयार होतं. दहातून साधारण एकदा नेमकं उलट घडतं. केंद्र भोवतालचाच एक इलेक्ट्रॉन गिळतं, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पोटॅशियमच्या जागी आर्गॉन उरतो. ना भट्टी, ना रसायन, आणि एका मूलद्रव्याचं दुसरं झालं!

कोणता अणू कधी बदलेल? कुणालाही सांगता येणार नाही. अणू म्हातारा होत नाही. कोट्यवधी वर्षं टिकलेला अणू पुढच्या क्षणी बदलण्याची शक्यता पहिल्या दिवशी होती तेवढीच असते. पण असे अब्जावधी बेभरवशाचे अणू एकत्र घेतले, की हिशेब चोख: १२५ कोटी वर्षांत निम्मे बदलणार.

आता राळेगणचा कातळ ज्या दख्खनचा भाग आहे, त्याच्या जन्माकडे वळू. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वाहिला, थरावर थर चढले. आजही तो काळा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आर्गॉन कुणाशी संयोग पावत नाही, त्यामुळे रसरशीत लाव्ह्यातून तो निसटून जातो. लाव्हा गोठला तेव्हा पोटॅशियम आत राहिलं, आर्गॉन जवळजवळ शून्य. पुढे जो आर्गॉन जन्मला, तो घट्ट स्फटिकांत अडकला. किती? पोटॅशियम-४० च्या दर हजार अणूंपैकी आजवर बदलले सुमारे ३६, आणि त्यांतले आर्गॉन झाले जेमतेम चार. हजारात चार! तेवढ्यावर कोट्यवधी वर्षांचा हिशेब लागतो.

आणि मोजणीची युक्ती तर पाहा. दगडाचे कण ट्रॉम्बेतल्यासारख्या अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं साध्या पोटॅशियमच्या काही अणूंचा आर्गॉन-३९ होतो. मग निर्वातात कण तापवून बाहेर पडणारा वायू मोजतात. आर्गॉन-३९ वरून कळतं पोटॅशियम किती आहे, आणि पोटॅशियम-४० पासून आपोआप झालेल्या आर्गॉन-४० वरून कळतं किती बदललं. दोन्ही उत्तरं एकाच चिमूटभर दगडातून! पवईच्या आयआयटीत अशी मोजणी होते.

खडकांतून निसटलेला आर्गॉन जातो कुठे? हवेत. तुम्ही आत्ता घेतलेल्या श्वासात जवळपास १ टक्का आर्गॉन होता, आणि तो जवळजवळ सगळा कधीकाळी पोटॅशियम होता.

अणूंच्या या आपोआप बदलण्यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. किरणोत्सर्ग म्हटलं की आपल्याला अणुबाँब आठवतो आणि अंगावर काटा येतो. पण माणसानं तो १८९६ मध्ये ओळखला, त्याच्या कितीतरी आधीपासून तो दगडात होता, मातीत होता, पिकात होता. भाकरी, डाळ, केळी यांतून पोटॅशियम आपल्या अंगात येतं आणि मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशियम-४० चे चार हजारांहून अधिक अणू बदलत असतात.