उपकेंद्रातल्या गोळीमागे सही कुणाची?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला औषध लिहून द्यायचे असेल, तर आधी एखाद्या डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. आपल्याकडे अशी पद्धत नाही. तरीही भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर किंवा तुमसर तालुक्यातल्या उपकेंद्रात बीपीचा जुना रुग्ण येतो, सीएचओ मॅडम, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बीपी मोजतात, गोळ्या देतात आणि तो घरी जातो. डॉक्टर तिथे नसतात. मग हे चालते कोणाच्या अधिकारावर?

सीएचओ या बहुधा नर्सिंग किंवा आयुर्वेद शिकलेल्या असतात आणि सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून उपकेंद्रावर येतात. त्यांच्यावर देखरेख असते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची. सपाट भागात उपकेंद्र साधारण पाच हजार लोकसंख्येसाठी आणि प्राथमिक केंद्र तीस हजारांसाठी, असा निकष आहे. म्हणजे एका डॉक्टरच्या हाताखाली अशी पाच-सहा उपकेंद्रे येतात.

सीएचओ आणि डॉक्टर या दोघांमधला खरा करार उपचाराच्या ठरलेल्या पायऱ्यांत दडलेला आहे. आणि त्याचे उदाहरण भंडाऱ्यातच आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून चार जिल्हे निवडले गेले: भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे प्रत्येक डॉक्टरने आपापल्या मर्जीने वेगळी गोळी न लिहिता सगळ्यांनी एकच क्रम पाळायचा. पहिली पायरी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. बीपी १४०/९० च्या खाली आले नाही, तर पुढची पायरी कोणती, तेही आधीच लिहिलेले.

त्यामुळे कामाची वाटणी सोपी होते. तिशी ओलांडलेल्यांची यादी आशाताई घरोघर जाऊन करतात. तपासणी उपकेंद्रात होते. निदान पक्के करणे, पहिली गोळी सुरू करणे आणि डोस वाढवणे हे वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम. त्यांनी रुग्णाच्या कार्डावर जे लिहिले, त्याप्रमाणे पुढच्या गोळ्या देणे, बीपी नोंदवणे आणि न आलेल्याला शोधून आणणे हे उपकेंद्राचे. कार्डाबाहेरचे काही दिसले, छातीत दुखतेय किंवा बीपी १८०/११० च्या वर आहे, की रुग्ण लगेच वर पाठवायचा. धान रोवणीच्या दिवसांत केवळ गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी ही वाटणी मोलाची आहे.

डॉक्टरचे मत तिथल्या तिथे हवे असेल, तर ई-संजीवनी आहे. सीएचओ व्हिडिओवर डॉक्टरशी बोलतात, रुग्ण समोर बसलेला असतो. पण २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार औषध लिहितो तो नोंदणीकृत डॉक्टरच, आणि जबाबदारीही त्याचीच. शेड्यूल एक्समधली आणि अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधे अशा पद्धतीने लिहिताच येत नाहीत.

यापुढची पायरी कायद्यात आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवान्याची तरतूद आहे: प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे, एरवी मात्र डॉक्टरच्या देखरेखीखालीच. याच कलमावरून डॉक्टरांच्या संघटनेने तेव्हा संप केला होता. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. पण देखरेख म्हणजे नेमके काय, हे लिहून ठेवले की त्या भीतीची धार बोथट होते.

उपचाराच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात. डॉक्टरचा फोन लागला नाही तर दुसरा फोन कोणाला आणि गाडी कुठून, हेही तितकेच स्पष्ट लिहिलेले हवे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने आपल्या उपकेंद्रांसाठी असे एक पान वैद्यकीय अधिकारी आणि सीएचओ या दोघांच्या सह्यांनिशी भिंतीवर लावावे. आणि बीपीच्या रुग्णांनो, गोळ्या घ्यायला जाताना कार्ड न विसरता सोबत न्या. डॉक्टरने काय ठरवले आहे, ते सीएचओ मॅडमना त्यावरूनच कळते.