रेस वाढवली की गाण्यात शिट्टी का वाजते?



दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा चालू होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, मामाच्या मोटारसायकलच्या स्पीकरला आम्ही एमपीथ्री प्लेअर जोडलाय. रेस वाढवली की गाण्यात बारीक शिट्टी वाजते. असं का?" खरं सांगतो, मला लगेच उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगतो" म्हणालो आणि त्या निमित्ताने मीच शिकलो.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना साउंड सिस्टीम बाहेरून बसवून घ्यावी लागते. लांबच्या प्रवासासाठी बनलेल्या होंडा गोल्ड विंगसारख्या मोठ्या गाड्यांना मात्र ती कंपनीकडूनच येते. १९७९ साली वॉकमन आला, २००१ साली आयपॉड आला. खिशातलं गाणं गाडीच्या स्पीकरवर आणायची खटपट तेव्हापासूनची.

जोडणी कशी होते?
सर्वात सोपी वाट म्हणजे ३.५ मिमीच्या पिनची ऑक्स केबल. पिन नीट पाहा. दोन काळ्या रेघांनी तिचे तीन भाग झालेले असतात. टोक डाव्या स्पीकरसाठी, मधला भाग उजव्यासाठी आणि मागचा दोघांचा सामाईक, म्हणजे 'अर्थ'. प्लेअरचा आवाज साधारण पाऊण ठेवावा आणि बाकी सिस्टीमवर वाढवावा. प्लेअर फार हळू ठेवला तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. पूर्ण वाढवला तर आवाज फाटतो.

शिट्टी कुठून येते?
प्लेअर गाडीवरच चार्ज होत असेल, तर त्याचा अर्थ दोन वाटांनी गाडीला जोडला जातो: एक चार्जरमधून, दुसरी ऑक्स केबलमधून. दोन वाटा मिळून एक कडं तयार होतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. गाडीचा अल्टरनेटर प्रत्यावर्ती धारा बनवतो. तिची दिष्ट धारा करून ती बॅटरीला दिली जाते, पण थोडी चढउतार उरतेच. तीच या कड्यातून गाण्यात शिरते. इंजिन जोरात फिरलं की वारंवारता वाढते आणि शिट्टीचा सूर वर चढतो.

खात्री कशी करायची? चार्जर काढून पाहायचा. त्या मुलाने घरी तेच केलं. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, रेस द्यायला मामा. चार्जर काढला, शिट्टी बंद! दुसऱ्या दिवशी तो वर्गात स्वतः उभा राहून हे सांगत होता. एरवी हा मुलगा तोंड उघडत नाही.

उपाय
प्लेअर घरूनच चार्ज करून न्यावा, किंवा ऑक्स केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. दोन वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत, तरी गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं आणि अर्थचं कडं तुटतं. म्हणजे आपल्या धड्यातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तनच की! ब्लूटूथने जोडलं तर ऑक्सची तारच नसते, त्यामुळे हे कडं होत नाही.

पालकांसाठी तीन गोष्टी
१. बॅटरीवरून वायर घेताना बॅटरीच्या जवळच फ्यूज हवा. नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते.
२. सिस्टीम चावीबरोबर बंद होईल अशी जोडून घ्या. नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.
३. महामार्गाच्या वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. त्यावर मात करायला मुलं कानात इअरफोन घालून आवाज वाढवतात. मग मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही आणि कानही कायमचे अधू होऊ शकतात. गाणं बदलायचं असेल तर आधी गाडी बाजूला थांबवा.

पुस्तकातला प्रश्न मुलं गुणांसाठी सोडवतात. हा प्रश्न त्या मुलाचा स्वतःचा होता. तुमच्या वर्गात किंवा घरात असा प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल, तर "उद्या सांगतो" म्हणायला लाजू नका. फक्त उद्या नक्की सांगा.