गाडी कुणाच्या हाती द्यायची?

पावसाळ्यातला रविवार म्हणजे आमच्या पळसदरीत रस्त्यावर नुसता गोंगाट. धबधब्याला निघालेली मुंबई-पुण्याची मंडळी, त्यांच्या मोटारसायकली, गाड्यांमधली गाणी. असाच एक रविवार होता. आमच्या ओटीवर बचत गटाची बैठक चालली होती. विषय एकच, कर्जाचा.

गटातल्या एका मैत्रिणीला (तिचं नाव मुद्दामच लिहीत नाही) जुनी व्हॅन घ्यायची होती. आसपासच्या वाड्यांवरची मुलं कर्जतच्या शाळेत न्यायची आणि आणायची. लायसन्स तिने दोन वर्षांपूर्वीच काढलं होतं. हिशेबही नीट मांडून आणला होता. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

गटातल्या एक वयस्क काकू म्हणाल्या, "अगं, पैशाचं नाही गं. पोरं बसणार त्यात. तुला जमेल का या पावसात?"

दुसरी म्हणाली, "तिच्या मुलाला चालवू दे की! काय गाडी मारतो तो! खोपोलीहून दहा मिनिटांत घरी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती बिचारी वहीत बघत गप्प बसली. मी गटाची सचिव. इतिवृत्तात 'विषय पुढील बैठकीवर ठेवला' असं लिहून टाकलं. पण डोक्यातून काही तो विषय जाईना. चांगला ड्रायव्हर म्हणजे नक्की कोण? जो लवकर पोचवतो तो?

संध्याकाळी घरात वेगळाच गोंधळ. शिकायला आमच्याकडे राहिलेला माझा भाचा टीव्हीवर फॉर्म्युला वनची शर्यत बघत होता आणि फोनवर मित्राशी भांडत होता. हा म्हणे, फॉर्म्युला वनवाले जगात भारी. मित्र म्हणे, रॅलीवाल्यांपुढे ते काहीच नाहीत. मी तांदूळ निवडत बसले होते. म्हटलं, "अरे, सगळे गाडीच चालवतात ना? मग फरक कसला?"

"मावशी, खूप फरक असतो," म्हणून त्याने जे सांगायला सुरुवात केली, ते ऐकता ऐकता माझे तांदूळ तसेच राहिले.

सर्किटची शर्यत म्हणजे ठरलेल्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा फेऱ्या. मोनॅकोच्या शर्यतीत सुमारे सव्वातीन किलोमीटरच्या रस्त्याला ७८ फेऱ्या मारतात. वळण तेच, पण प्रत्येक वेळी ब्रेक त्याच जागी, तितकाच दाबायचा. तिथे सेकंदाच्या दहाव्या भागावर नंबर ठरतो. अगदी आपल्या पोळ्यांसारखं. पन्नासावी पोळीही पहिलीसारखीच गोल आणि तशीच पातळ व्हायला हवी.

रॅलीचं तसं नाही. तिथे माती, खडी, चिखल, कधी बर्फ. रस्ता आधी एक-दोनदा सावकाश जाऊन बघायला मिळतो, तेवढंच. शेजारी सहचालक बसलेला असतो. तो पुढचं वळण किती अंशाचं, त्यानंतर किती मीटर सरळ, कुठे उंचवटा, हे वहीतून वाचत जातो. उंचवट्यापलीकडचं काही दिसत नसतं. चालकाने निव्वळ त्या आवाजावर विश्वास ठेवून गाडी सोडायची!

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या ढिगाऱ्यांवरून दुचाकी उडवणं. तिथे अर्धं काम अंगाचं आणि गुडघ्यांचं. आणि ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ रस्ता, बहुधा पाव मैल, म्हणजे चारशे मीटरच्या आसपास. दिवा लागला की गाडी सोडायची. वळण नाहीच. सारी कसोटी सुरुवातीच्या क्षणाची.

"मग यातला श्रेष्ठ कोण, हे कुणी करून बघितलं की नाही?" मी विचारलं.

बघितलं होतं. आणि मैत्रिणींनो, ते करून बघण्यात पुढाकार घेणारी होती एक बाई.

मिशेल मूटाँ ही फ्रान्सची रॅलीचालक. सुरुवात तिने शेजारच्या सीटवरून केली, वही वाचणारी सहचालक म्हणून. मग स्टिअरिंग हातात घेतलं. १९८१ साली इटलीतली सान रेमोची रॅली जिंकून ती जागतिक अजिंक्यपद मालिकेतली फेरी जिंकणारी पहिली स्त्री ठरली. शेजारी वही वाचायला फाब्रिझिया पोन्स, म्हणजे तीही बाईच! पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील अशा तीन फेऱ्या तिने जिंकल्या आणि जगात दुसरी आली. सगळ्या पुरुषांसोबत एकाच यादीत दुसरी.

१९८६ साली हेन्री टोइवोनेन हा फिनलंडचा तरुण चालक कॉर्सिकातल्या रॅलीत सहचालकासह अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ मूटाँने फ्रेडरिक जॉन्सन यांच्या साथीने १९८८ मध्ये 'रेस ऑफ चॅम्पियन्स' सुरू केली. आधी फक्त रॅलीवाले येत. पुढे फॉर्म्युला वनचे, अमेरिकेतल्या शर्यतींचे असे सगळ्या प्रकारांतले विजेते येऊ लागले. नियम साधा. दोघांना सारख्या गाड्या, जोडीजोडीने पळायचं. गाडीचा मोठेपणा बाजूला, राहिला तो माणूस. २०१२ साली बँकॉकला आपले नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोकही भारताकडून तिथे उतरले होते.

निकाल काय लागले असतील? फॉर्म्युला वनचा सात वेळचा जगज्जेता मायकेल शूमाकर वैयक्तिक स्पर्धेत २००७ आणि २००९ मध्ये अंतिम फेरीत आला आणि दोन्ही वेळा हरला, तेही बंदिस्त मोटारींच्या शर्यतीतल्या मॅटियास एक्स्ट्रॉमकडून. २०२२ मध्ये स्वीडनला बर्फावर शर्यत झाली, तिथे रॅलीचा नऊ वेळचा विजेता सेबास्टियन लोएब फॉर्म्युला वनच्या सेबास्टियन फेटेलला हरवून गेला. पण म्हणून रॅलीवालाच दरवेळी जिंकतो असंही नाही. २००४ मध्ये सर्किटवरच्या एका नवख्या मुलाने, हेइकी कोवालाइनेनने, त्याच लोएबला अंतिम फेरीत मागे टाकलं होतं.

आणि किमी रायकोनेन! २००७ चा फॉर्म्युला वन जगज्जेता. तो २०१० आणि २०११ अशी दोन वर्षं जागतिक रॅलीत गेला. सर्वांत चांगला निकाल कुठला? तुर्कस्तानात पाचवा नंबर. जगातला पहिला माणूस दुसऱ्या रस्त्यावर गेला आणि पुन्हा शिकायला बसला. मला तर यात त्याचा कमीपणा वाटला नाही, उलट आदरच वाटला.

भाचा म्हणाला, "मावशी, लांब कशाला, आपल्या घाटावरच बघ ना." लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीला विमानाची धावपट्टी आहे. तिथे ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, सरळ रेषेत कोण जोरात ते बघायला. आणि त्याच अँबी व्हॅलीपर्यंत मुंबईहून खास महिलांची रॅलीही निघत असे. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने ती भरवली. तिचं गणित एकदम उलटं. कुठल्या टप्प्यात किती वेगाने जायचं ते आयोजकच ठरवून देतात, तेही कायद्याच्या मर्यादेत. वाटेत तपासणीची ठिकाणं असतात आणि ती आधी सांगत नाहीत. उशिरा पोचलात तर दंडाचे गुण. आणि लवकर पोचलात तरी दंडाचे गुण!

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे गाडी चालवण्याचा असाही एक खेळ आहे, जिथे 'दहा मिनिटांत घरी' पोचणारा हरतो.

आमच्या गावाला हे नवीन वाटायला नको खरं तर. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या इथून पुढे बोरघाट चढतात. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लागायची, ते आम्ही वर्षानुवर्षं बघितलं आहे. उतरताना वेग आवरणं तर त्याहून अवघड. म्हणून घाटात गाडी चालवायला रेल्वेत वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आधी कितीही वर्षं गाडी चालवलेली असो. साताऱ्याच्या सुरेखा यादव, आपल्या देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, यांनी मालगाडी चालवली, लोकल चालवली, मग घाटाचं शिक्षण घेतलं. ८ मार्च २०११ ला त्या डेक्कन क्वीन घेऊन पुण्याहून मुंबईला आल्या, म्हणजे आमच्या दारावरूनच गेल्या. १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. दर वेळी गाडी नवी, रस्ता नवा, तर शिकणंही नवं. आधीचं वाया जात नाही, पण ते आपोआप पुरतही नाही.

पुढच्या रविवारी बैठकीत मी हे सगळं थोडक्यात सांगितलं आणि विचारलं, "आपल्याला शर्यतीसाठी ड्रायव्हर हवाय की शाळेसाठी?" मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की परीक्षा घ्यायची. आई आणि मुलगा, दोघांचीही. व्हॅन विकणाऱ्याने एक सकाळ गाडी दिली. मागच्या सीटवर त्याच काकू बसल्या. "माझी कंबर हाच मीटर," म्हणाल्या.

कर्जतच्या शाळेच्या फाटकाशी सात चाळीसला पोचायचं ठरलं होतं. मुलगा आठ मिनिटं आधी पोचला आणि हसत उतरला. काकू म्हणाल्या, "अरे बाळा, फाटक उघडलंय का? आठ मिनिटं पोरं पावसात उभी करशील?" शिवाय एक गतिरोधक त्यांच्या कमरेने नोंदवला होता.

आई दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं उशिरा पोचली. काकूंना वाटेत चक्क डुलकी लागली होती. पण खरं ते लिहिलं पाहिजे. अरुंद जागेत गाडी मागे घेताना ती तीनदा चुकली आणि घाबरली. शाळेच्या फाटकाशी लहान मुलं असतात, तिथे ही चूक चालणार नाही. मुलाने मात्र गाडी एका झटक्यात मागे घेतली होती.

म्हणून कर्ज मंजूर झालं, पण अटीवर. रिव्हर्सचा पंधरा दिवस सराव, मगच गाडी मुलांसाठी. शाळेच्या वाहनांसाठी राज्यात २०११ पासून वेगळी नियमावली आहे, त्यामुळे परवाना, फिटनेस, विमा हे सगळं आधी. सराव कोणी करून घेतला? तिच्या मुलानेच. रोज संध्याकाळी मैदानात विटा मांडून. "आई, आरशात बघ, मान नंतर वळव," हे त्याचं ओरडणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

आता तिची व्हॅन रोज आमच्या फाटकावरून जाते. पाऊस जोराचा असला की ती पाच मिनिटं लवकर निघते, वेग वाढवत नाही. काकूंची नातही त्यातच असते.

आपल्याकडे 'भारी गाडी चालवतो' हे शब्द फार स्वस्त झाले आहेत. रविवारी घाटात ओल्या रस्त्यावर मोटारसायकली पळवणारी मुलंही स्वतःला तसंच म्हणवतात. शर्यतीत समोरून एस.टी. येत नाही, हेल्मेट आणि पट्टे असतात, डॉक्टर हजर असतो, हे त्यांना कोण सांगणार? आपणच सांगायला हवं, आपापल्या घरातल्यांना. आणि घरात एखादी बाई स्टिअरिंगला हात लावते म्हणून कुणी हसलं, तर एवढंच विचारा, परीक्षा कुठल्या रस्त्याची घेताय?