मागच्या सीटवरचा दणका

इचलकरंजीला मावशीकडे जायचं ठरलं की आई आधी कमरेचा पट्टा बांधायची. मणक्याचं दुखणं वाढलंय, असं मी धरून चाललो होतो. एकदा तीच म्हणाली, "घरात नाही रे लागत मला हा. गाडीतच लागतो." गाडी नऊ वर्षांची, चालवणारा मी. स्टिअरिंगमागं बसून मला यातलं काहीच कळलं नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं.

एका ठिकाणी गाडी दाखवली. त्यांनी ती जॅकवरही न घेता चारी शॉकअप बदलायचा खर्च सांगितला. मग कोल्हापुरातच, शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "मागं कोण बसतंय?"

आई सोबत होती. पुढची दहा मिनिटं ते तिच्याशीच बोलले. सपाट डांबरावर काय जाणवतं? खड्ड्यात दणका एकदाच बसतो, की नंतर गाडी डोलत राहते? आवाज कुठून येतो? आई म्हणाली, साध्या रस्त्यावर सगळीकडून बारीक थरथर असते. पण गतिरोधकावर आणि पुलाच्या सांध्यावर इथून, माझ्या डाव्या बाजूला खालून, घण घातल्यासारखा बसतो.

"म्हंजे दुखणी दोन हायती," मिस्त्री म्हणाले. "गाडी आज हितंच ऱ्हाऊ द्या. थंड टायरची हवा बघायची हाय."

सकाळी त्यांनी गेज लावलं : 44. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरल्या स्टिकरवर 33 लिहिलेलं. टायर चालून तापला की आतला दाब चार-पाच पौंडांनी सहज वाढतो, म्हणून मोजणी थंडच हवी. पण इथं फरक त्याहून मोठा होता. 'हायवेला जायचंय, जरा जास्त भरा,' असं सांगायची सवय माझीच. इतका ताठ झालेला टायर बारीक खडी दाबून घेत नाही, जशीच्या तशी वर पाठवतो. हवा 33 वर आणून एक फेरी मारली, तर अर्धी थरथर तिथंच गेली. खर्च शून्य.

उरला डावीकडचा घण. त्यासाठी मिस्त्रींनी गाडी आपल्या मुलाला चालवायला दिली आणि स्वतः आईच्या जागेवर बसले. इतक्या वर्षांत मी एकदाही तिथं बसलो नव्हतो. समोरच्या गतिरोधकावरून तीनदा ये-जा झाली. (इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरनं ओलांडण्याजोगा असतो. गल्लीतला आमचा मात्र हातभर रुंदीचा उभा दगडी बांध. त्याच्यापुढं कुठल्याच गाडीचं काही चालत नाही.)

मग गाडी जॅकवर. चाकावरून तळहात फिरवून त्यांनी मलाही फिरवायला लावला. टायरवर लाटा पडल्या होत्या, उंच-खोल, उंच-खोल. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअपचं काम तिला आवरायचं. त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळी तिथं जिरते. शॉकअप थकला की चाक रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारतं, आणि जिथं जिथं आपटतं तिथं टायर खातं. डाव्या शॉकअपवर तेल ओघळून धुळीचा चिखल झालेला. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर सरकवलं, तर दांडीवरच्या रबरी स्टॉपरचा नुसता भुगा खाली पडला. शॉकअप पूर्ण दबला की शेवटचा मार झेलायचा तो याच रबरानं. आता तिथं रबर नव्हतंच. तो मार आईच्या कमरेला बसत होता.

पुढचे लिंक रॉड हातानं हलवून, लोअर आर्मचे बुश टॉमी घालून पाहिले. ठीक निघाले. पुढं काहीच बदलायचं नाही, मागचे दोन्ही शॉकअप मात्र जोडीनंच बदलायचे. एक नवा, एक थकलेला ठेवला तर दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत.

मागच्या बीमखाली आधी दुसरा जॅक लागला, कारण तिला खाली लटकू न देणारा शॉकअपच असतो. तो निघाला की बीम घसरते, ब्रेकच्या नळीवर ताण येतो. डिकीतल्या कव्हरखालचा वरचा नट सुटला, नवे शॉकअप बसले. खालचा बोल्ट मात्र त्यांनी नुसता हातानं फिरवून सोडला, चाकं चढवली आणि गाडी जमिनीवर उतरवली. मग कार्डबोर्ड अंथरून, आडवं होऊन, तो बोल्ट पान्यानं आवळला. चाक लटकत असताना आवळला तर बुशमधलं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी वर असतानाच आवळून मोकळं होणं किती सोपं होतं! ते तसं करत नाहीत, म्हणून मी आता दुसरीकडं जात नाही.

रविवारी इचलकरंजीला निघालो. पट्टा आईनं पिशवीत ठेवला. शिरोलीकडं जाताना पंचगंगेच्या पुलाचे सांधे आले. मी आरशात बघत होतो. ती बाटलीतून पाणी पीत होती.

"घूं घूं आवाज येतोय मागून," ती म्हणाली.

टायरवर पडलेल्या लाटा शॉकअप बदलून भरून येत नाहीत, टायर बदलेपर्यंत तो आवाज राहणार, असं मी सांगितलं.

"येऊ दे," ती म्हणाली. "लागत नाही."