विहिरीची राखण

भाताच्या बाजारपेठेसाठी ओळखली जाणारी घोटी भरपूर पावसाच्या पट्ट्यात आहे. शेजारच्या इगतपुरीत वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. भाताला तो हवाच असतो, पण गावच्या पाण्याला क्लोरीन देणाऱ्या जलसुरक्षकाची खरी परीक्षाही पावसातच सुरू होते.

कारण जमिनीत आहे. खाली काळा कातळ. वाळूतून झिरपताना पाणी बरेचसे गाळले जाते. इथे मुरूम संपला की ते भेगांतून थेट पुढे निघते. उन्हाळ्यात खोल गेलेली पातळी श्रावणात जमिनीजवळ येते आणि शौचालयाचा खड्डा व विहीर यांच्यामधली कोरडी माती, म्हणजे खरी गाळणी, उरतच नाही. खड्डा विहिरीपासून 15 मीटर लांब असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. भेगाळलेल्या कातळात तेवढ्यावर विसंबता येत नाही. उताराची दिशा पाहायलाच हवी.

भूजल राखण्यासाठी महापालिकांच्या कचरा डेपोखाली अस्तर घालावे लागते, कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी गोळा करून शुद्ध करावे लागते. घनकचरा नियमांत तसे बंधनच आहे. ग्रामपंचायतीच्या हाताशी याहून साधी व्यवस्था असते: कार्डांची. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य कर्मचारी प्रत्येक सार्वजनिक स्रोत पाहतात. कठडा फुटला आहे का, जवळून गटार जाते का, वाहिनी गळते का, टीसीएल पावडरचा साठा आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. मला ही पद्धत मोलाची वाटते, कारण ती पाण्याबरोबर विहिरीचा परिसरही तपासते.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असते, पण उघड्या गोणीला दमट हवा लागली की ते उडून जाते. म्हणून घोटीसारख्या ठिकाणी गोणी कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवणे हेसुद्धा पाणी राखण्याचेच काम. मात्रा दिल्यावर अर्ध्या तासाने ओटी चाचणी करतात. नमुन्यात थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे.

मात्र क्लोरीन फक्त जंतू मारते. सांडपाण्यातून आलेले नायट्रेट किंवा मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या गॅरेजांतून मुरणारे ऑइल त्याने जात नाही. ते जमिनीवरच अडवावे लागते. 1972 पासून काम करणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतली पातळी वर्षातून चारदा मोजते. राज्याचा 2009चा भूजल अधिनियमही आहे. पण गॅरेजवाल्याने जुने ऑइल पिंपात साठवून पुनर्प्रक्रियेला द्यावे, सेप्टिक टाकीचा मैला ओढ्यात सोडू नये, यासाठी गावातल्याच कुणीतरी रोज डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे.

घोटीच्या खालच्या अंगाला 1916 मध्ये पूर्ण झालेले दारणा धरण आहे. तिथले पाणी पुढे गोदावरीच्या कालव्यांतून शेतांपर्यंत जाते, म्हणजे इथल्या ओढ्यांत गेलेली घाण घोटीपुरती राहत नाही. त्यामुळे कार्डांच्या दोन फेऱ्यांमध्ये, ऐन श्रावणात पातळी वर आलेली असताना, अशा भरपावसाच्या गावांत तिसरी पाहणी व्हावी आणि तिचा निकाल बाजारातल्या फलकावर लावावा.