की मॅनेजमेंट सर्व्हिस

की मॅनेजमेंट सर्व्हिस (संक्षेपाने केएमएस) ही मायक्रोसॉफ्ट विंडोज व मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या व्हॉल्यूम परवान्यावरील, म्हणजे संस्थांना एकगठ्ठा दिलेल्या परवान्यावरील, प्रती संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कवरूनच सक्रिय करणारी सेवा आहे. प्रत्येक संगणकाने मायक्रोसॉफ्टशी स्वतंत्र संपर्क न साधता संस्थेतील एका यजमान संगणकाकडून मान्यता घ्यावी, ही तिची मूळ कल्पना होय. केएमएस संगणकांना मान्यता देते. मात्र संस्थेने किती परवाने विकत घेतले आहेत, याचा हिशेब ती ठेवत नाही.

पार्श्वभूमी

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये किरकोळ ग्राहकाला आपली प्रत सक्रिय करून घ्यावी लागे. व्हॉल्यूम परवान्यावरील प्रतींना मात्र या अटीतून सूट होती. संस्थेतील सर्व संगणकांवर एकच की चालत असे, आणि ती बाहेर फुटल्यास कोणालाही वापरता येत असे. या गैरवापरास आळा घालण्यासाठी विंडोज व्हिस्टापासून व्हॉल्यूम परवान्यावरील प्रतींनाही सक्रियीकरण बंधनकारक झाले. त्यासाठी संस्थांना दोन मार्ग देण्यात आले: केएमएस आणि मल्टिपल ॲक्टिव्हेशन की (मॅक). मॅक पद्धतीत प्रत्येक प्रत मायक्रोसॉफ्टकडून इंटरनेटद्वारे किंवा दूरध्वनीवरून सक्रिय केली जाते. या सक्रियीकरणाला मुदत नसते, परंतु एका कीवर किती वेळा सक्रियीकरण करता येईल, याला मर्यादा असते.

कार्यपद्धती

संस्थेला मिळालेली यजमान-की एखाद्या संगणकावर बसवून ती मायक्रोसॉफ्टकडून सक्रिय करून घेतली जाते. त्यानंतर यजमानाला मायक्रोसॉफ्टशी नियमित संपर्क ठेवावा लागत नाही. इतर संगणकांवर, म्हणजे क्लायंटवर, सर्वसामान्य व्हॉल्यूम की असते. ही की मायक्रोसॉफ्टने स्वतःच प्रसिद्ध केलेली असल्याने ती गोपनीय नसते. यजमानाच्या मान्यतेशिवाय तिचा उपयोग होत नाही.

यजमान आपली माहिती डीएनएसमध्ये एसआरव्ही नोंदीच्या रूपाने प्रसिद्ध करतो. क्लायंट ती नोंद शोधून टीसीपी पोर्ट १६८८ वर विनंती पाठवतो. डीएनएसची सोय नसल्यास यजमानाचे नाव क्लायंटवर थेट नोंदवता येते.

किमान संख्येची अट

पुरेशा संख्येने संगणकांनी संपर्क साधल्याशिवाय यजमान कोणालाही मान्यता देत नाही. विंडोजच्या क्लायंट आवृत्त्यांसाठी ही संख्या २५, तर विंडोज सर्व्हर व ऑफिससाठी ५ आहे. २४ संगणकांच्या कार्यालयात विंडोजची एकही क्लायंट प्रत सक्रिय होत नाही. पंचविसावा संगणक जोडला गेला, की आधीचे संगणकही पुढील प्रयत्नात सक्रिय होतात. लहान संस्थांना म्हणूनच मॅक पद्धत अधिक सोयीची ठरते.

मोजणीसाठी प्रत्येक क्लायंटचा स्वतंत्र ओळख-क्रमांक वापरला जातो. ३० दिवसांत संपर्क न साधलेल्या संगणकाची नोंद मोजणीतून वगळली जाते. एकाच डिस्क-प्रतिमेवरून अनेक संगणक तयार करताना सिसप्रेप या साधनाने ती प्रतिमा सामान्यीकृत केली नाही, तर सर्वांचा ओळख-क्रमांक एकच राहतो. परिणामी पन्नास संगणक जोडूनही यजमानाला एकच दिसतो व सक्रियीकरण अडते.

मुदत व नूतनीकरण

केएमएसची मान्यता १८० दिवस टिकते. सक्रिय झालेला क्लायंट दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करतो आणि ते यशस्वी झाल्यास १८० दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते. सक्रिय न झालेला क्लायंट दर २ तासांनी प्रयत्न करीत राहतो. यजमान काही दिवस बंद पडला तरी काम थांबत नाही ते या दीर्घ मुदतीमुळे. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ संस्थेच्या नेटवर्कपासून दूर असलेल्या लॅपटॉपची मान्यता संपते.

पर्यायी पद्धत

विंडोज ८ व विंडोज सर्व्हर २०१२ यांपासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर आधारित सक्रियीकरण उपलब्ध झाले. यात डोमेनमध्ये सामील झालेला संगणक आपोआप सक्रिय होतो आणि किमान संख्येची अट नसते. येथेही मान्यता १८० दिवसांचीच असते. डोमेनबाहेरील संगणकांसाठी व जुन्या आवृत्त्यांसाठी केएमएस किंवा मॅक वापरावे लागते.

सक्रियीकरण व परवाना यांतील फरक

केएमएसला किमान संख्या आहे, पण कमाल मर्यादा नाही. शंभर परवाने घेतलेल्या संस्थेच्या यजमानाने दीडशे संगणकांना मान्यता दिली, तरी ही सेवा कोणताही इशारा देत नाही. शिवाय डेस्कटॉप विंडोजचा व्हॉल्यूम परवाना हा उन्नतीकरणाचा परवाना असतो. संगणकावर आधीपासून पात्र विंडोजचा परवाना असणे त्यात गृहीत धरलेले आहे. त्यामुळे प्रत सक्रिय असूनही ती विनापरवाना असू शकते. लेखापरीक्षणात खरेदीची कागदपत्रे आणि प्रत्यक्ष वापर यांचा मेळ घालावा लागतो आणि ती जबाबदारी संस्थेचीच असते. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक-प्रणालीच्या अनधिकृत प्रतीचा जाणीवपूर्वक वापर हा दंडनीय गुन्हा आहे.

सुरक्षा

यजमान विनंती करणाऱ्याची ओळख पटवत नाही; जो क्लायंट पोर्टपर्यंत पोहोचेल त्याला तो मान्यता देतो. म्हणून पोर्ट १६८८ फायरवॉलद्वारे अंतर्गत नेटवर्कपुरते मर्यादित ठेवणे आवश्यक असते. यजमानाची नक्कल करणारी अनधिकृत साधनेही प्रचलित आहेत. त्यांच्या वापराने परवाना मिळत नाही. उलट त्यांच्यासोबत अपायकारक सॉफ्टवेअर संगणकात शिरण्याचा धोका असतो.