हिरवा सुगंध : त्याचा स्वभाव व टिकाऊपणा

गेल्या दिवाळींत माझ्या भाच्यानें साठविलेल्या पैशांतून आईकरितां अत्तराची एक कुपी आणली. दुकानांत तिचा वास नुकत्याच कापलेल्या गवतासारखा ताजा होता. परंतु घरीं पोहोंचेपर्यंत हातावरील तो ताजेपणा नाहींसा झाला. "मी फसलों," असें म्हणून तो खिन्न झाला. वस्तुतः तो फसला होता काय?

पान कापलें किंवा चुरगळलें म्हणजे त्यांतील स्निग्धाम्लांचें विघटन होऊन कांहीं क्षणांतच हिरवा वास उत्पन्न होतो. त्यांतील एक प्रमुख द्रव्य हेक्झेनॉल होय. त्याच्या रेणूंत कर्बाचे अवघे ६ अणु असतात. असे हलके रेणु हवेंत त्वरित उडून जातात. वाळ्याच्या मुळांतील तेलाची गोष्ट निराळी. त्यांतील मुख्य द्रव्यांच्या रेणूंत कर्बाचे १५ अणु असल्यामुळें तीं सावकाश उडतात व वस्त्रांत दीर्घकाळ रेंगाळतात.

म्हणूनच हिरवें अत्तर सिद्ध करणाराचें कौशल्य या दोहोंची सांगड घालण्यांत असतें. १९४७ सालीं झेर्मेन सेलिए या फ्रेंच विदुषीनें पिएर बालमॅं यांच्या पेढीकरितां 'व्हाँ व्हेर', म्हणजे 'हिरवा वारा', हें प्रसिद्ध अत्तर तयार केलें. त्यांत गॅल्बॅनम नांवाचा डीक विपुल वापरला होता. हें झाड इराणांत होतें व तें हिंगाच्या झाडाच्या कुळांतलेंच आहे. बायबलांत निर्गमाच्या ३० व्या अध्यायांत धूपद्रव्यांमध्यें या डिकाचा उल्लेख आहे. उग्र असूनहि तो विरळ केला असतां मटाराच्या कोंवळ्या शेंगेसारखा हिरवा भासतो. त्याच्या मागोमाग फुलांचा गंध येतो, आणि शेवटीं ओक वृक्षावरील दगडफुलासारखीं जड द्रव्यें उरतात.

यास्तव कुपीचें बूच उघडतांच अत्तराची पारख करूं नये. मनगटास एक थेंब लावावा, आणि तासाभरानें पुनः हुंगावें. मात्र सतत सहवासानें नाक त्या वासास सरावतें, व आपणांस तो संपलासा वाटतो. शेजाऱ्यास मात्र तो येतच असतो. वर्गांत येतांना हें विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाच्यानें आईचा पदर हुंगून पाहिला. गवताचा वास गेला होता खरा. पण वाळ्याचा मंद, मातकट सुगंध तेथें तसाच होता. त्याचे पैसे वायां गेले नव्हते.